चाचणीतला प्रवासी कोण?

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



यंदाच्या व्याख्यानमालेत सभासदांनी आपापल्या कामाविषयी बोलावे असे ठरले, तेव्हा चिटणिसांनी मला विषय विचारला. मी सांगितले, "लोड टेस्टिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डिफॉल्ट एचटीटीपी क्लायंट कोणता असावा." ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "साहेब, पत्रिकेत एवढे मावणार नाही." म्हणून पत्रिकेत 'रेल्वे आरक्षण आणि संगणक' एवढेच छापले आहे. मी मात्र माझ्याच विषयावर बोलणार आहे. घाबरू नका. ज्याने सकाळी दहाच्या ठोक्याला तत्काळचे तिकीट काढायचा प्रयत्न केला आहे, त्याला यातले सगळे कळेल. आणि दिल्लीत राहणारा, गाव महाराष्ट्रात असणारा, असा प्रयत्न न केलेला माणूस या सभागृहात असेल असे मला वाटत नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. रेल्वेचे संगणकीय आरक्षण नवी दिल्लीत १९८६ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी 'क्रिस' ही रेल्वेची संगणक संस्था स्थापन झाली, तिचे मुख्यालय आपल्या चाणक्यपुरीत आहे. त्याआधी मोठमोठ्या रजिस्टरांत पेन्सिलीने नावे लिहीत, हे इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. १९९९ पर्यंत देशातली मोठी आरक्षण केंद्रे एकमेकांना जोडली गेली आणि दिल्लीत बसून मिरजेहून परतीचे तिकीट काढता येऊ लागले. ऑगस्ट २००२ मध्ये आयआरसीटीसीने इंटरनेटवर आरक्षण सुरू केले. तेव्हा कागदी तिकीट कुरियरने घरी येई. २००५ मध्ये ई-तिकीट आले.

इथवर गर्दी खिडकीवर होती. खिडकीची एक सोय अशी की तिथे रांग दिसते. पन्नास माणसे उभी आहेत हे स्टेशन मास्तरला केबिनमधून कळते. इंटरनेटवरची रांग कोणाला दिसत नाही. एप्रिल २०१४ मध्ये ई-तिकिटांची नवी प्रणाली आली तेव्हा मिनिटाला २,००० तिकिटांची क्षमता ७,२०० वर गेली, असे सांगण्यात आले. २२ मे २०२५ रोजी एका मिनिटात ३१,८१४ तिकिटे निघाली, हा तेव्हाचा उच्चांक. सेकंदाचा हिशेब केला तर ३३ वरून १२०, आणि १२० वरून ५३०. आता मिनिटाला दीड लाखाचे उद्दिष्ट आहे, म्हणजे सेकंदाला अडीच हजार. हे झाले निघालेल्या तिकिटांचे आकडे. एका तिकिटामागे लॉगिन, गाडी शोधणे, जागा पाहणे, नावे भरणे, पैसे भरणे अशा कितीतरी विनंत्या सर्व्हरकडे जातात, आणि तिकीट न मिळालेल्यांच्या विनंत्या तर यात धरलेल्याच नाहीत.

अशी प्रणाली लोकांसाठी खुली करण्यापूर्वी ती ताण सोसते का हे पाहावे लागते. आम्ही रूळवाले हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत. नवा पूल झाला की त्यावर ठरलेल्या वजनाची गाडी उभी करून तो किती वाकतो ते मोजतात. नव्या डब्याची चाचणी घेताना आत माणसे बसवत नाहीत, प्रवाशांच्या वजनाची वाळूची पोती भरतात. मेट्रोच्या चाचणीतही हीच पोती. स्प्रिंग किती दबते, ब्रेक किती अंतरात लागतो, हे पोत्यांवरून उत्तम कळते.

पण पोत्याला एक मर्यादा आहे. पोते दारात लोंबकळत नाही. दादरला गाडी थांबायच्या आत उडी मारून सीट पकडत नाही. शंभर पोती एका दारातून किती सेकंदांत चढतात, याला काही अर्थ नाही. वजनाची परीक्षा पोत्याने होते, दाराची होत नाही. हा फरक लक्षात ठेवा, कारण आजच्या विषयाचा गाभा तोच आहे.

वेबसाइटच्या भार-चाचणीत एक सॉफ्टवेअर हजारो खोटे प्रवासी तयार करते. हे प्रवासी सर्व्हरशी बोलतात एचटीटीपी या भाषेत. ती भाषा प्रत्यक्ष बोलणारा जो भाग सॉफ्टवेअरच्या पोटात असतो, त्याला म्हणायचे एचटीटीपी क्लायंट. फोन फिरवणे, उचलल्यावर बोलणे, बोलणे झाल्यावर ठेवणे किंवा तसाच धरून ठेवणे, लाइन तुटली तर पुन्हा लावणे, ही सगळी त्याची कामे. आपण चाचणीचा आराखडा लिहितो तेव्हा 'हजार प्रवासी, दहा मिनिटे' एवढेच लिहितो. त्या हजारांचा स्वभाव कसा असावा हे क्लायंट ठरवतो, आणि कोणता क्लायंट हे आपण सांगितले नाही तर तो निर्णय डिफॉल्ट घेतो. (बँकेत डिफॉल्ट म्हणजे कर्ज बुडवणे. संगणकात डिफॉल्ट म्हणजे तुम्ही काही न सांगितल्यास जे होते ते. कधी कधी दोन्हींचा परिणाम सारखाच होतो.)

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. अपाचे जेमीटर हे भार-चाचणीचे फुकट मिळणारे साधन भारतात फार वापरले जाते. सरकारी कामात, नोएडा-गुडगावच्या कंपन्यांत, सगळीकडे. १९९८ मध्ये स्टेफानो माझोकी यांनी ते मुळात जेसर्व्ह नावाच्या सर्व्हरची कार्यक्षमता तपासण्यासाठी लिहिले. त्यात एकेकाळी एचटीटीपीसाठी तीन पर्याय होते. पहिला, जावा या भाषेसोबत आपोआप येणारा क्लायंट. दुसरा, अपाचेचाच एचटीटीपी-क्लायंट ३.१. तिसरा, नव्याने लिहिलेला एचटीटीपी-क्लायंट ४. वापरणाऱ्याने काही निवडले नाही तर तिघांपैकी कोण? हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो.

जावाच्या क्लायंटची बाजू अशी की तो घरचा आहे. वेगळे काही जोडावे लागत नाही, हलका आहे, जावा सुधारली की तोही सुधारतो. मात्र जेमीटरच्या माहितीपुस्तिकेतच त्याच्या उणिवा लिहून ठेवल्या आहेत. त्यातली मुख्य ही की जोडणी पुन्हा कशी वापरली जाईल यावर आपला ताबा नसतो. एका प्रवाशाने सोडलेली जोडणी त्यालाच पुन्हा मिळेल, किंवा दुसऱ्याला मिळेल, किंवा कोणालाच मिळणार नाही.

याने काय बिघडते? हिशेब करून पाहू. समजा हजार प्रवासी आहेत आणि प्रत्येकाला तिकिटासाठी वीस विनंत्या कराव्या लागतात. खऱ्या आयुष्यात प्रत्येकजण आपापल्या मोबाइलवरून येतो, स्वतःची नवी जोडणी उघडतो आणि वीसही विनंत्या त्यावरून करतो. सोयीसाठी माणशी एक जोडणी धरू, म्हणजे हजार जोडण्या. क्लायंटने दर विनंतीला जोडणी तोडून नवी उघडली तर होतील वीस हजार. आणि एकाची जोडणी दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला अशी फिरवली, तर हजार प्रवाशांचे काम शे-दोनशे जोडण्यांतही भागेल. तिन्ही अहवालांत वर लिहिलेले असेल, 'हजार प्रवासी, वीस हजार विनंत्या'. साइट तीच, सर्व्हर तोच.

जोडणी उघडणे फुकट नसते. नेहमीची सुरक्षित जोडणी उघडताना, जुन्या पद्धतीत, पहिली विनंती पाठवण्यापूर्वी निरोप तीनदा जाऊन परत यावा लागतो. नव्या पद्धतीत दोनदा. मोबाइलवर एका फेरीला ८० मिलिसेकंद धरले तर पाव सेकंद नमस्कार-चमत्कारातच गेला. शिवाय प्रत्येक नमस्काराला सर्व्हरला कूटलिपीचे गणित करावे लागते, आणि प्रोसेसरला ते जड जाते. सकाळी दहाच्या आधीच्या पाच मिनिटांत लाखो नवे मोबाइल एकदम नमस्कार करायला येतात. खरी परीक्षा तिथे, दारात असते. जोडण्या फिरवून वापरणारा क्लायंट ही परीक्षा सर्व्हरला देऊच देत नाही. ती पोत्याची चाचणी झाली. उलट, दर वेळी जोडणी तोडणारा क्लायंट सर्व्हरला विनाकारण नापास करतो, आणि मग लागत नसलेली यंत्रे विकत घेतली जातात. पैसा तुमचा-आमचाच.

दुसरी गोष्ट पुनर्प्रयत्नाची. ही मला पहिलीपेक्षा गंभीर वाटते.

आमच्याकडे एका अंतर्गत प्रणालीची चाचणी चालू होती. नाव सांगण्यात अर्थ नाही, अर्ज भरायची साधी प्रणाली होती. चाचणीने बरोबर पाच हजार अर्ज पाठवले, अहवालात शून्य चुका. डेटाबेसमध्ये अर्ज सापडले पाच हजार अकरा. कंत्राटदार म्हणे तुमची मोजणी चुकली, आमची माणसे म्हणत तुमचा प्रोग्राम अर्ज दुप्पट करतो. दोन दिवस पत्रापत्री झाली, बिल अडले. शेवटी आमच्या विभागातल्या, नागपूरकडच्या एका तरुण अभियंता मुलीने तारेवरून जाणारा सगळा व्यवहार नोंदवून घेतला आणि म्हणाली, "सर, अकरा अर्ज कोणीच दोनदा भरलेले नाहीत. आपल्या क्लायंटने ते दोनदा पाठवलेत."

झाले होते असे. चाचणीचा आराखडा जुना होता आणि त्यात जावाचा क्लायंट ठरवलेला होता. या क्लायंटची एक जुनी, जाणकारांना ठाऊक असलेली खोड आहे. अर्ज पाठवला आणि उत्तर यायच्या आत जोडणी तुटली, तर तो कोणालाही न सांगता तोच अर्ज पुन्हा पाठवतो. ही सवय बंद करता येते, पण त्यासाठी वेगळी सेटिंग करावी लागते आणि ती आहे हे आधी माहीत असावे लागते. सर्व्हर ताणाखाली जोडण्या तोडत होता, म्हणजे दोष त्याचाही होता. अर्जाला एकमेव क्रमांक देऊन दुसरी प्रत नाकारण्याची व्यवस्था नव्हती, हाही दोषच. पण चाचणीने हे दोष दाखवायचे, की पोटात घालायचे? अकरा वेळा जोडणी तुटली आणि अहवाल म्हणतो, चुका शून्य!

आता अर्जाच्या जागी तिकीट ठेवा आणि पैसे ठेवा. खऱ्या प्रवाशाची लाइन तुटली की तो स्क्रीनकडे बघत बसतो. पैसे गेले की नाही, तिकीट झाले की नाही, पुन्हा बटण दाबू की नको. तो क्षण चाचणीत उतरला पाहिजे. म्हणून माझे ठाम मत आहे की भार-चाचणीच्या क्लायंटने डिफॉल्टने पुनर्प्रयत्न करूच नये. रोजच्या वापराच्या प्रोग्रामला पुनर्प्रयत्न हा गुण आहे, चाचणीच्या प्रोग्रामला तो अवगुण. जेमीटरमध्ये एचटीटीपी-क्लायंट ४ साठी ही संख्या शून्य ठेवलेली असते, ते योग्यच आहे.

तिसरी गोष्ट पत्त्याची, ती थोडक्यात सांगतो. मोठ्या साइटचे नाव एक असले तरी मागे अनेक सर्व्हर असतात आणि नावाचा पत्ता विचारला की वेळोवेळी वेगळे उत्तर मिळते. जावा एकदा मिळालेले उत्तर काही काळ लक्षात ठेवते. सगळे हजार प्रवासी एकाच जावाच्या पोटात असल्याने ते सगळे एकाच पत्त्यावर जातात. चारपैकी एक सर्व्हर घामाघूम, बाकीचे तीन निवांत. जेमीटरमध्ये प्रत्येक प्रवाशाला स्वतःचा पत्ता विचारायला लावणारी सोय आहे, पण जावाच्या क्लायंटबरोबर ती नीट चालत नाही.

एवढे ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, मग डिफॉल्ट बदलून टाकायचा, त्यात विचार कसला? विचार आहे. हजारो कार्यालयांत जुने आराखडे पडलेले असतात आणि त्यांत क्लायंटची जागा कोरी असते. डिफॉल्ट बदलला की त्या सगळ्यांचे आकडे एका रात्रीत बदलतात. मागच्या वर्षी सरासरी उत्तर ४०० मिलिसेकंदांत येत होते, यंदा ५२० मध्ये येते. साइट मंदावली की मोजपट्टी बदलली? मोजणीच्या कामात सातत्याला मोठी किंमत असते. आमच्याकडे रुळांची मोजणी करणारी गाडी बदलली तर जुन्या आणि नव्या गाडीचे आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्याखेरीज कोणी निष्कर्ष काढत नाही. त्यामुळे डिफॉल्ट बदलायला कचरणाऱ्यांना मी आळशी म्हणणार नाही.

तरीही बदल करावा, या मताचा मी आहे. आणि जेमीटरवाल्यांनी तो केला. आता काही सांगितले नाही तर एचटीटीपी-क्लायंट ४ वापरला जातो. ३.१ चे मूळ कामच बंद पडले होते, त्याची निगा कोणी राखत नव्हते, म्हणून तो पुढे काढून टाकण्यात आला. जावाचा पर्याय अजून आहे, पण मागितल्यास. सातत्य हवे असणारा माणूस जाणता असतो, त्याला जुना पर्याय हाताने निवडता येतो. डिफॉल्टच्या भरवशावर राहतो तो नवखा. ज्याला क्लायंट नावाची वस्तू असते हेच माहीत नाही, त्याच्या पदरात त्यातल्या त्यात खऱ्या प्रवाशासारखा वागणारा क्लायंट पडावा.

वेगाच्या नावाखाली मात्र डिफॉल्ट बदलू नये. लोकस्ट नावाचे दुसरे एक साधन आहे, पायथन भाषेतले. त्याने डिफॉल्ट म्हणून 'रिक्वेस्ट्स' ही सर्वपरिचित लायब्ररी ठेवली आहे आणि शेजारी एक वेगवान क्लायंटही दिला आहे. त्याच यंत्रावर काही प्रसंगी पाच-सहा पट विनंत्या निघतात, असे तेच सांगतात. तरी डिफॉल्ट जुनाच, कारण तो लोकांना वापरता येतो आणि त्याची देखभाल चांगली आहे. मला हे पटते. विनंत्या सोडणारे यंत्रच दमले असेल तर वेगवान क्लायंट घ्यावाच, नाहीतर आपण सर्व्हर मोजतोय असे समजून स्वतःचा दम मोजत बसतो. पण यंत्र दमलेले नसताना वेगवान क्लायंटने चाचणी जास्त खरी होत नाही.

माझ्या सहकाऱ्यांसाठी दोन शब्द. निविदेत आपण लिहितो, 'प्रणालीची अमुक इतक्या समवर्ती वापरकर्त्यांसाठी भार-चाचणी करावी'. या वाक्यावर कोणतीही प्रणाली पास करून दाखवता येते. त्यात क्लायंटचे नाव आणि आवृत्ती लिहायला लावा. प्रत्येक फेरीत नवा प्रवासी नव्या जोडणीने येतो का ते लिहायला लावा. जेमीटरमध्ये त्यासाठी सेटिंग आहे. पुनर्प्रयत्न शून्य आहेत हे लिहून घ्या. आणि अहवालातल्या विनंत्या व सर्व्हरच्या नोंदवहीतल्या विनंत्या जुळवून पाहा. अकराचा फरक आला तर अकरा कुठून आले ते विचारा, टक्केवारी काढून सोडून देऊ नका.

भाषणानंतर काही प्रश्न आले, त्यांची उत्तरे इथे देतो.

नोएडाच्या एका कंपनीत काम करणाऱ्या तरुणाने विचारले की ब्राउझर आता एचटीटीपीची दुसरी आवृत्ती बोलतात, तर हा क्लायंट ४ आजच्या प्रवाशासारखा कसा? प्रश्न अगदी वर्मी लागणारा आहे. दुसरी आवृत्ती २०१५ मध्ये आली. तिच्यात एकाच जोडणीवरून अनेक विनंत्या एकदम जातात. जुन्या आवृत्तीत ब्राउझर एका साइटसाठी साधारण सहा जोडण्या उघडत असे. क्लायंट ४ ला दुसरी आवृत्ती येत नाही. म्हणजे साइट ती आवृत्ती देत असेल, तर आज जेमीटरचा डिफॉल्टही काही अंशी पोतेच झाला आहे. प्लगइन आहेत, के-सिक्ससारख्या साधनांत ती सोय अंगचीच आहे. डिफॉल्टचा प्रश्न एकदा सुटला की सुटला, असे होत नाही. प्रवासी बदलला की तो पुन्हा उघडावा लागतो.

एका काकांनी विचारले की आता आधार लावले, ओटीपी लावला, मग गर्दी कमी झाली असेल, एवढ्या चाचण्या कशाला? जुलै २०२५ पासून तत्काळला आधारची अट आली. पहिल्या पाच मिनिटांतल्या लॉगिनच्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत प्रयत्न यंत्रांचे असत, असे रेल्वेनेच त्या सुमारास सांगितले होते. ती यंत्रे अडवली हे चांगलेच झाले. पण काका, ओटीपी म्हणजे प्रत्येक प्रवाशामागे आणखी एक-दोन विनंत्या, आणि मध्ये मोबाइलवर निरोप येईपर्यंत उघडी राहिलेली जोडणी. भाराचा आकार बदलला. चाचणीतल्या प्रवाशालाही आता मधेच थांबून ओटीपीची वाट पाहायला शिकवावे लागते.

आणि एका वहिनींनी सरळ विचारले, "हे सगळे ठीक, पण गोवा एक्सप्रेसचे तत्काळ मिळण्यासाठी आम्ही काय करावे?" त्याला माझ्याकडे युक्ती नाही, वहिनी. साध्या स्लीपरचे तत्काळ अकराला उघडते आणि वातानुकूलितचे दहाला, हे लक्षात ठेवा. प्रवाशांची नावे आधी भरून ठेवा. पैसे कापले गेले आणि तिकीट दिसले नाही, तर दुसऱ्यांदा बटण दाबण्यापूर्वी 'माझी तिकिटे' उघडून पाहा.